आधी सुई, मग तिकीट

हुबळीचं विद्यानगर असो की धारवाडचं सप्तापूर, जिथलं कुणीच परदेशी गेलेलं नाही अशी गल्ली आता सापडणं कठीण. कुणी फ्रँकफर्टला नोकरी धरतो, कुणी डॅलसला शिकायला जातो, कुणाची दुबईला बदली होते. ऑफर लेटर हाती पडलं की व्हिसा, भाड्याचं घर, मुलांची शाळा, सामानाचं वजन यांची यादी सुरू होते. त्या यादीत घरातल्या कुत्र्याचा नंबर बहुधा शेवटचा असतो. 'तिकीट काढताना त्याचंही बघू' म्हणून विषय बाजूला पडतो आणि नेमकं तिथंच गणित चुकतं.

माणसाचा व्हिसा धावपळ करून लवकर मिळवता येतो. कुत्र्याच्या रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं तयार व्हायला लागणारा वेळ मात्र कुणाच्या ओळखीने कमी होत नाही. युरोपात न्यायचं तर पहिल्या सुईपासून विमानापर्यंत किमान चार महिने जातात. जपानला सात-आठ महिने लागतात आणि ऑस्ट्रेलियाला तर भारतातून कुत्रा थेट नेताच येत नाही. हा हिशेब ज्या घरात वेळेवर होत नाही, तिथं वर्षानुवर्षं घरात वावरलेला जीव म्हाताऱ्या आईवडिलांवर सोपवावा लागतो, नाहीतर परक्या दारात द्यावा लागतो. हे टाळता येतं. पैसे लागतातच, पण त्याहून जास्त गरज असते ती कामांचा क्रम कळण्याची आणि त्या क्रमामागचं कारण कळण्याची.

अडथळा एकाच रोगाचा

परदेशाच्या सीमेवर आपल्या कुत्र्याला अडवणारा मुख्य रोग एकच, रेबीज. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं या रोगाने मरतात असा अंदाज आहे आणि त्यांतली जवळपास एक तृतीयांश भारतातली. लक्षणं दिसू लागली की यावर इलाज नाही. त्याहून अवघड बाब अशी, की लागण झालेला कुत्रा कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा, अगदी धडधाकट दिसतो. खातो, खेळतो, शेपूट हलवतो. विमानतळावर ताप मोजून किंवा नुसतं बघून तो ओळखता येत नाही. म्हणून ज्या देशांनी हा रोग घालवला, ते डोळ्यांना दिसणाऱ्या तब्येतीवर विसंबत नाहीत.

ब्रिटनला हा धडा महागात मिळाला. तिथं १९०२ मध्ये रेबीज संपला होता. पहिलं महायुद्ध संपताना परतणाऱ्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो १९१८ मध्ये पुन्हा शिरला आणि त्याला हाकलायला १९२२ साल उजाडलं. पुढं कित्येक दशकं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सरकारी देखरेखीखाली क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. २००० साली ही अट सैल झाली, ती तीन गोष्टींच्या बदल्यात : ओळखीसाठी चिप, रेबीजची लस आणि लस लागू पडली हे दाखवणारी रक्ततपासणी. आज अनेक देश याच तीन गोष्टी मागतात.

आपल्या भागातूनही कुत्रे इंग्लंडला गेल्याची आठवण सांगितली जाते. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिथल्या शिकारी कुत्र्यांची जात सांभाळली, वाढवली आणि इंग्लंडच्या भेटीत पंचम जॉर्ज बादशहाला तिची पिल्लं नजर केली, अशी ती आठवण. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने या मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं. त्याच जातीचा कुत्रा आज लंडनला न्यायचा, तर तो संस्थानी वंशावळीचा असो की मुधोळच्या शेतकऱ्याकडून आणलेला असो, चिप, लस आणि रक्त या तिन्हींतून त्याला जावंच लागेल. गल्लीतून उचलून वाढवलेल्या गावठी कुत्र्यालाही नियम तोच.

नियम देशाला लागतो, जिल्ह्याला नाही, हेही समजून घ्यावं. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम चालली. माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये गोवा हे 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. तरीही परदेशी यादीत मडगावचा कुत्रा आणि हुबळीचा कुत्रा एकाच रकान्यात येतात. तिथं भारत हा एकच देश आहे आणि तो रेबीजचा धोका असलेल्या देशांत मोडतो.

क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून

सुरुवात चिपने होते. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचेची नळी पशुवैद्यक जाड सुईने मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर जवळ नेला की ती आपला १५ अंकी क्रमांक दाखवते, एवढंच तिचं काम. ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची हवी, नाहीतर तिकडच्या विमानतळावरचा स्कॅनर तिला वाचणार नाही. टोचण्याआधी आणि टोचल्यावर दोन्ही वेळा ती वाचून घ्यावी.

सर्वांत जास्त घरं इथंच फसतात. कुत्र्याला दरवर्षी न चुकता रेबीजची लस दिलेली असते, पुस्तिकेत सगळे शिक्के असतात, पण चिप बसवलेली नसते. मग चिप आज बसवली जाते आणि मागच्या मार्चमधली लस दाखवली जाते. ती लस मोजली जात नाही. कारण साधं आहे : त्या दिवशी सुई नेमकी याच कुत्र्याला टोचली, याचा पुरावा चिपशिवाय कसा देणार? म्हणून आधी चिप, मग लस. दोन्ही एकाच दिवशी झाली तरी चालतं, पण चिप पुढे आणि लस मागे. लसीच्या नोंदीत चिपचा क्रमांक, लसीचं नाव, कंपनी, बॅच नंबर, तारीख आणि मुदत हे सगळं असावं. कुपीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवून डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा. पिल्लू असेल तर त्याला १२ आठवडे पूर्ण झालेले हवेत.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं. हे काम धारवाडच्या साध्या दवाखान्यातही होतं. डॉक्टर आधी चिप वाचून क्रमांक अर्जावर लिहितात. पुढच्या पायावरचे थोडे केस काढतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात आणि शिरेतून काही मिलिलिटर रक्त साध्या नळीत घेतात. नळी उभी ठेवली की रक्त खाली गोठतं आणि वर फिकट पिवळा द्रव सुटतो, तो सीरम. प्रतिपिंडं त्यात असतात. सीरम वेगळा काढून, थंड पिशव्यांत गुंडाळून प्रयोगशाळेकडे रवाना होतो. तिथं तो पायरीपायरीने पातळ करत रेबीजच्या विषाणूत मिसळतात आणि जिवंत पेशींवर सोडतात. किती पातळ केला तरी तो विषाणूला रोखतो, यावरून आकडा ठरतो. दर मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त आला की कुत्रा पास.

प्रयोगशाळा कोणती, हा प्रश्न रक्त काढण्याआधी सोडवावा. बंगळुरूत हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातली रेबीज प्रयोगशाळा जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे, इतका तिचा लौकिक. पण लौकिक वेगळा आणि समोरच्या देशाची मान्यतायादी वेगळी. युरोपीय संघ आणि अमेरिका आपापल्या मान्य प्रयोगशाळांच्या याद्या ठेवतात आणि त्या बदलत असतात. यादीबाहेरचा अहवाल कितीही अचूक असला तरी सीमेवर उपयोगाचा नाही. ज्या देशात जायचं त्याची चालू यादी डॉक्टरांसमोर उघडून, मगच सुई लावावी.

रक्त फार उशिरा काढणंही बरं नाही. पहिल्या लसीनंतर प्रतिपिंडं साधारण महिन्याभरात शिखर गाठतात आणि पुढच्या महिन्यांत उतरू लागतात. शिवाय लहान वयाच्या आणि मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये एकाच लसीवर नापास होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून अनेक पशुवैद्यक आधी महिन्याच्या अंतराने दोन लसी देतात आणि मग रक्त पाठवतात. जन्मात पहिल्यांदाच रेबीजची लस घेणाऱ्या कुत्र्यासाठी ही खबरदारी घेण्यासारखी आहे.

आता सर्वांत जास्त चिडचिड होते तो टप्पा. रक्त पास झालं, मग युरोप आणि ब्रिटन आणखी तीन महिने थांबायला का सांगतात? समजा, लस टोचण्याच्या आधीच्या आठवड्यात त्या कुत्र्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा कुत्र्याच्या शरीरात विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकत असतो. त्याच वेळी लसीमुळे रक्तात प्रतिपिंडंही तयार होतात आणि तपासणीत तो पास होतो. अशा कुत्र्याला ओळखायचं एकच साधन आहे, वेळ. आत रोग असेल तर बहुतेकदा या काळात तो बाहेर येतोच. म्हणून तीन महिन्यांची मोजणी अहवालाच्या तारखेपासून होत नाही, रक्त काढल्याच्या तारखेपासून होते. जपान तर याच कारणाने १८० दिवस थांबवतो.

हिशेब नेहमी उलटा मांडावा. १ जूनला फ्रँकफर्टला उतरायचं आहे असं धरू. तीन महिने मागे गेलं की १ मार्च येतो. रक्त त्याच्या थोडं आधी, २० फेब्रुवारीच्या सुमारास काढलेलं हवं. तिथून ३० दिवस मागे २१ जानेवारी, म्हणजे लस त्या दिवशी किंवा त्याआधी. रक्त नापास झालं तर पुन्हा लस आणि पुन्हा महिन्याची वाट, त्यासाठी सहा आठवडे राखून ठेवावेत. म्हणजे चिपची सुई डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागायला हवी. घरात दिवाळीच्या फराळाबरोबर जर्मनीचा विषय निघाला असेल, तर कुत्र्याच्या तयारीला लागायची वेळ तीच.

देश तसे नियम

जर्मनी, नेदरलँड्ससारख्या युरोपीय संघातल्या देशांना वरचा क्रम लागू आहे. शिवाय प्रवासाआधी दहा दिवसांच्या आत सरकारी पशुवैद्यकाने मान्य केलेला आरोग्य दाखला लागतो. एक सोय मात्र चांगली आहे : एकदा रक्त पास झालं आणि पुढची प्रत्येक लस मुदतीच्या आत देत राहिलं, तर तोच अहवाल कुत्र्याच्या जन्मभर चालतो. एक लस उशिरा झाली की साखळी तुटते आणि रक्तापासून सगळं नव्याने करावं लागतं.

ब्रिटनची अट जवळपास हीच आहे, फक्त तिथं उतरण्याआधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्यकाने फीतकृमीवरचं औषध देऊन वेळेसह नोंद करावी लागते. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेही हे मागतात. त्यामागे माणसाच्या यकृतात गाठी करणारा एक फीतकृमी आहे, जो त्या देशांत नाही आणि त्यांना तो येऊ द्यायचा नाही. ब्रिटनला विमानाने कुत्रा न्यायचा तर तो मालवाहतुकीच्या मार्गानेच जातो. आपल्यासोबत केबिनमध्ये किंवा सामानात घेता येत नाही.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, ऑनलाइन अर्ज हवा. भारतासारख्या जास्त धोक्याच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्यकाने प्रमाणित केलेला लस-चिपचा विशेष फॉर्म, मान्य प्रयोगशाळेचा रक्त अहवाल आणि तिकडच्या नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी केलेलं आरक्षण लागतं. त्या केंद्रात तपासणी होऊन पुन्हा लस दिली जाते. रक्त अहवाल नसेल तर २८ दिवस क्वारंटाइन. हा नियम लागू झाला तेव्हा अशा कुत्र्यांना फक्त सहा विमानतळांवर उतरता येत होतं : न्यूयॉर्कचं जेएफके, वॉशिंग्टन डलस, फिलाडेल्फिया, अटलांटा, मायामी आणि लॉस एंजेलिस. म्हणजे घर डॅलसला असलं तरी कुत्र्याला आधी असं केंद्र असलेल्या विमानतळावर उतरावं लागतं.

भारतात लाळ्या-खुरकूत आणि जखमेत अंडी घालून अळ्या पाडणारी माशी आहे, म्हणून अमेरिकेचं कृषी खातं आणखी दोन गोष्टी बघतं. निघण्याआधी पाच दिवसांत जखमा आणि अळ्यांची तपासणी झाल्याचा दाखला हवा. क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या प्रवासाच्या पेटीत, गवत, कडबा, पेंढा असं काही नको आणि पाय, केस चिखलाने भरलेले नकोत. घरी गोठा असेल किंवा कुत्रा शेतावर राहत असेल, तर निघण्याआधीचे काही दिवस त्याला जनावरांपासून दूर ठेवून स्वच्छ धुवावं.

दुबईसाठी आधी आयात परवाना आणि भारतातून जाणाऱ्यांसाठी रक्त अहवाल लागतो. काही जातींना तिथं बंदी आहे, ती यादी आधी पाहावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड भारतातून थेट कुत्रा घेत नाहीत. आधी एखाद्या मान्य देशात काही महिने राहून, तिथून पुढं जावं लागतं. असं दोन टप्प्यांचं स्थलांतर वयस्कर कुत्र्याला झेपेल का, याचा विचार घरच्यांनी डॉक्टरांसोबत बसून करावा.

गोचीड आणि तिने मागे ठेवलेला आजार

रेबीज हा कागदावरचा पहिला रोग. हुबळी-धारवाडच्या कुत्र्यांना प्रत्यक्षात जास्त छळणारे रोग गोचिडीतून येतात. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या रक्तावर जगते आणि अंडी घालायला भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात, कुत्र्याच्या झोपायच्या जागेभोवती जाते. एक मादी हजारो अंडी घालते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रोग येतात, ज्यांना इथं सगळे सरसकट 'टिक फीवर' म्हणतात. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, प्लेटलेट्स घसरणं, नाकातून रक्त येणं ही त्याची रूपं.

या रोगांचा धोका प्रवासाच्या संदर्भात दुहेरी आहे. उपचारानंतर कुत्रा बरा दिसला तरी जंतू शरीरात दबून राहू शकतात आणि प्रवासाचा ताण, बदललेलं हवामान यांनी पुन्हा उसळी मारू शकतात. दक्षिण भारतात आढळणारा बॅबेसिया गिब्सोनी तर औषधांनीही सहसा पूर्ण निघत नाही. म्युनिकमधल्या तरुण डॉक्टरसमोर असा थकलेला कुत्रा गेला, तर त्याच्या मनात पहिल्यांदा टिक फीवर येईलच असं नाही, कारण त्याच्या गावात तो रोज दिसत नाही. म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी संपूर्ण रक्ततपासणी, प्लेटलेट्सचा आकडा आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास पीसीआर करून घ्यावं. जुन्या आजाराचे आणि दिलेल्या औषधांचे कागद सोबत न्यावेत.

नवा देशही याच कारणाने घाबरतो. ऑस्ट्रेलिया एर्लिकियापासून मुक्त समजला जात असे. मे २०२० मध्ये तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागात सापडला आणि पुढं उत्तरेकडच्या प्रदेशांत पसरला. आजारी कुत्र्यांचं दुःख त्या वस्त्यांनी फार सोसलं. आपल्या कुत्र्यासोबत एकही गोचीड नव्या मातीत जाऊ नये, ही जबाबदारी नेणाऱ्याची आहे. गोळी, मानेवर टाकायचं औषध किंवा पट्टा यांपैकी काय वापरायचं ते डॉक्टर सांगतील. पण औषध फक्त कुत्र्याला देऊन भागत नाही. त्याची झोपायची जागा, अंगणातल्या भिंतीच्या फटी, गाडीची मागची सीट हेही साफ करावं लागतं.

पावसाळा, नाक आणि वय

जून ते सप्टेंबर धारवाडची माती ओली असते, डबक्यांत उंदराचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हा रोग माणसालाही होतो. म्हणून डिस्टेंपर, पार्वो आणि हेपॅटायटिसच्या लसीसोबत लेप्टोची लस चालू ठेवावी. वाटेत किंवा तिकडे कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवायचं असेल, तर खोकल्याच्या साथीवरची लसही वेळेत द्यावी, कारण अनेक ठिकाणी तिच्याशिवाय घेत नाहीत.

पग, शित्झू, बॉक्सर, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींचा विचार वेगळा करावा लागतो. कुत्र्याला घाम फारसा येत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. नाक आखूड आणि श्वासाची वाट अरुंद असेल तर हे काम नीट होत नाही. २००५ नंतरच्या पाच वर्षांत अमेरिकी विमानांत मेलेल्या शुद्ध जातींच्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मे अशा आखूड तोंडाचे होते. अनेक विमान कंपन्या या जाती घेत नाहीत, काही फक्त थंड महिन्यांत घेतात. तिकीट काढण्याआधी कंपनीला जातीचं नाव स्पष्ट सांगून लेखी उत्तर घ्यावं.

वय सात-आठच्या पुढं असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि दात तपासावेत. वजन वाढलेलं असेल तर निघण्याआधीचे महिने ते उतरवायला वापरावेत, कारण जाड कुत्र्याला उष्णता जास्त त्रास देते. मुधोळसारख्या सडपातळ, तोकड्या केसांच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी कमी असते, त्यामुळं त्यांना थंडी लवकर बाधते. त्यांना क्रेटमध्ये जाड अंथरूण द्यावं आणि तिकडच्या हिवाळ्यासाठी कोट घ्यावा.

क्रेट म्हणजे त्याची खोली

आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेचे क्रेटचे नियम साधे आणि कडक आहेत. कुत्र्याला आत सरळ उभं राहता, पूर्ण वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. माप घरीच घ्यावं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की क्रेटची लांबी येते. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट म्हणजे क्रेटची रुंदी. उभ्या कुत्र्याचे कान किंवा डोकं, जे जास्त उंच असेल तिथपर्यंतची उंची, अधिक अंथरुणाची जाडी, ही क्रेटची उंची. चपट्या नाकाच्या कुत्र्याला यापेक्षा दहा टक्के मोठा क्रेट लागतो. चारही बाजूंनी हवा खेळती हवी आणि पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता यायला हवं.

क्रेट प्रवासाच्या आदल्या आठवड्यात आणू नये. तो दोन महिने आधी दिवाणखान्यात ठेवावा, दार काढून. रोजचं जेवण त्यात द्यावं, घरच्यांच्या वासाची जुनी चादर आत घालावी. कुत्रा स्वतःहून आत जाऊन झोपू लागला की दार बसवावं, आधी थोडा वेळ, मग तास-दोन तास. त्यानंतर क्रेट गाडीत ठेवून उणकल तलावापर्यंत एखादी फेरी, मग बेळगावपर्यंत. क्रेट त्याची सवयीची जागा झाला, की आवाज आणि अंधार सोसायला त्याला खूप मदत होते.

झोपेची गोळी देऊन पाठवावं का, असा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. देऊ नये. गुंगीच्या औषधाने रक्तदाब आणि अंगाचं तापमान सांभाळण्याची शक्ती कमी होते, आणि विमानात त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं. बऱ्याच कंपन्या गुंगीतला कुत्रा घेतच नाहीत. निघण्याआधी काही तास हलकं खाणं आणि भरपूर फिरणं, एवढं पुरे.

शेवटचे दहा दिवस

निर्यातीचा आरोग्य दाखला केंद्र सरकारची प्राणी संगरोध व प्रमाणन सेवा देते. तिची केंद्रं दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथं आहेत, हुबळीत नाही. म्हणजे कुत्र्याला घेऊन बंगळुरू किंवा मुंबई गाठावी लागते, आणि तीही दाखल्याच्या मुदतीच्या आत. हुबळीहून बंगळुरू रस्त्याने सुमारे ४१० किलोमीटर आहे. पहाटे निघावं, दर दोन-तीन तासांनी थांबून पाणी द्यावं आणि उन्हात बंद गाडीत क्षणभरही सोडू नये. रेल्वेने न्यायचं तर प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यात आख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असला तरच कुत्रा सोबत घेता येतो. नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. तिथला आवाज आणि गरमी लांबच्या विमानप्रवासाआधी त्याला देऊ नये.

एक फाइल करावी आणि तिच्या दोन प्रती. चिपचा दाखला, लसीची पुस्तिका, रक्त अहवाल, जंताच्या औषधांच्या नोंदी, जुन्या आजारांचा इंग्रजी गोषवारा, चालू औषधांची मूळ रासायनिक नावं आणि मात्रा. प्रत्येक कागदावरचा चिप क्रमांक एकेक आकडा वाचून ताडून घ्यावा. १५ आकड्यांतला एक उलटसुलट झाला की सगळे कागद संशयास्पद ठरतात.

तिथं पोचल्यावर

लांब मुक्कामात तयारी संपत नाही, फक्त गाव बदलतं. पहिल्या पंधरा दिवसांत तिथल्या पशुवैद्यकाकडे नोंद करावी आणि चिप नव्या पत्त्यावर नोंदवावी. भात-दही किंवा भाकरी-दूध खाणारा कुत्रा एकदम डब्यातल्या खाण्यावर आणला तर पोट बिघडतं, म्हणून दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. अमेरिकेत डासांमधून हृदयातले जंत होतात, त्यावर दर महिन्याला औषध लागतं आणि ते सुरू करण्याआधी रक्ततपासणी. अमेरिकेच्या ईशान्य भागात गोचिडीमुळे लाइम रोग होतो. दक्षिण युरोपात वाळूमाशीतून लेशमॅनिया पसरतो. इथली सवय तिथं अपुरी पडते, म्हणून 'आमच्या भागात काय जपायचं?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

परतीचा विचारही निघतानाच करावा. परदेशी सलग दोन वर्षं राहून घर हलवून परतणाऱ्याला सोबत दोन पाळीव प्राणी आणता येतात, पण त्यासाठी आधीच ना-हरकत मागावी लागते. लसीची एकही तारीख मधल्या काळात चुकलेली नसेल, तर हे काम सोपं होतं.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ आपल्याच गल्लीत आहे. एखाद्या वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगत आली आहे, आणि गोव्याने ते शेजारीच करून दाखवलं आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचं भारताचं राष्ट्रीय उद्दिष्टही आहे. घरच्या कुत्र्यासाठी पशुवैद्यकाकडे इतक्या खेपा होणारच आहेत. त्यांतल्या एका खेपेला मालमड्डीच्या किंवा केशवापूरच्या कोपऱ्यावर भाकरीची वाट बघणाऱ्या कुत्र्यांच्या लसीचीही व्यवस्था करावी, चार घरांनी मिळून वर्गणी काढावी, महापालिकेच्या लसीकरणाची तारीख विचारून त्या दिवशी ती कुत्री हजर ठेवावीत. आपण परदेशी गेल्यावर त्या गल्लीत आपले आईवडील, शाळेत जाणारी भाचरं राहणार आहेत. आपला कुत्रा सुखरूप पोचावा यासाठी केलेलं काम त्यांनाही सुरक्षित ठेवू शकतं, आणि तिकडे तीन महिन्यांच्या प्रतीक्षेची गरज हळूहळू संपवायचा मार्गही तोच आहे.